भीमेतला मासा म्हणजे नेमका कुठला?

सोलापुरात कुणालाही विचारा, गोड्या पाण्यातला मासा कुठला खाता, बहुतेक जण पटकन चिलापी म्हणतील. पुणे हायवेला भिगवणपासून टेंभुर्णीपर्यंत हॉटेलांच्या पाट्या बघितल्या तरी तेच, उजनीची ताजी चिलापी, चिलापी फ्राय, चिलापी थाळी. पुण्याहून लोक खास गाडी काढून खायला येतात आता. आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मनापासून वाटतं की हा उजनीचा, म्हणजे आपल्या भीमेचा मूळचा मासा आहे. तो नाहीये. चिलापी म्हणजे तिलापिया, आणि तिलापिया आफ्रिकेतला. १९५२ ला तो श्रीलंकेतून तमिळनाडूतल्या मंडपमला आणला, म्हणजे उजनी धरण पूर्ण व्हायच्या (१९८०) जवळजवळ तीस वर्षं आधी. काही वर्षांतच त्याचे प्रताप लक्षात आले आणि १९५९ ला त्याचा प्रसार करू नका असं केंद्राच्या पातळीवर ठरलं पण होतं, पण तोपर्यंत तो तळ्यातळ्यातून पुढे सरकलेला होता. नंतर त्याचा मोठा भाऊ नाईल तिलापिया पण आला.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे मासे घेताना मी नेहमी एक गोष्ट ऐकतो, 'हा देशी आहे बघा'. आणि देशी म्हणून जे हातात पडतं ते रोहू नाहीतर कटला असतं. आता रोहू, कटला आणि मृगळ हे तिघं भारतातलेच आहेत, त्यात वाद नाही, पण ते गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. भीमा कृष्णेला मिळते, आणि कृष्णेच्या खोऱ्यात हे तिघं माणसाने आणून सोडलेत. म्हणजे आपल्या टोपलीत खरं तर तीन प्रकारचे मासे असतात, परदेशातून आलेले, देशातल्याच दुसऱ्या नदीतून आलेले, आणि खरोखरचे भीमा-सीनेचे. पहिले दोन सगळ्यांना तोंडपाठ आहेत, तिसऱ्यांची नावं आपल्या पोरांना एकही सांगता येत नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

रोहू-कटला इतके सगळीकडे कसे पसरले त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे पूर्वी त्यांचं बी गोळा करायचं तर गंगेच्या बाजूला नदीतूनच करायला लागायचं आणि त्यात दहा जातींची पिल्लं मिसळलेली असायची. १० जुलै १९५७ ला डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं, म्हणून तर १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो. त्यानंतर मत्स्यबीज केंद्रं निघाली आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पिशव्यांत ऑक्सिजन भरून ट्रकने देशभर जायला लागली. धरण बांधलं की त्यात कटला, रोहू, मृगळ सोडायचं हे ठरूनच गेलं. कटला वरच्या थरातलं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं, त्यामुळे एकाच पाण्यातून तिघांचं उत्पादन निघतं. हिशोब म्हणून हे एकदम बरोबर आहे आणि त्याने लाखो माणसांच्या ताटात मासा आला हे पण खरंय. फक्त त्या हिशोबात भीमेचे स्वतःचे मासे कुठेच धरले नव्हते.

तर मग भीमेचे स्वतःचे मासे कुठले? मरळ सगळ्यात आधी, कारण सोलापुरात अजूनही तिला मान आहे. आपल्या पूर्व भागात तेलुगू घरांमध्ये तिला कोरमीनु म्हणतात, तिथे कटला बोच्चे आणि रोहू शीलावती होतो, आणि मृग लागला की मासे खायची पद्धत त्यांच्यात आहे, तेव्हा कोरमीनुला जो भाव येतो तो विचारूच नका. मरळीत काटे कमी, मांस घट्ट, आणि ती हवेतला ऑक्सिजन घेऊ शकते त्यामुळे पाणी कमी झालं तरी बरीच तग धरते. पण तिची खरी गंमत पिल्लांच्या वेळी बघायला मिळते. पावसाळ्यात काठाच्या गवतात पिल्लांचा दाट पुंजका पाण्यावर येऊन खळखळ करत असतो, आणि त्याच्या खाली आईबाप राखण करत असतात, जवळ काही आलं की अंगावर धावून जातात. गळवाल्यांना हे बरोबर माहीत असतं, ते त्या पुंजक्यातच गळ टाकतात आणि चिडलेली मरळ तोंड घालते. असं करू नका हो. आईबाप गेले की तो सगळा पुंजका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. मी गळ टाकणाराच माणूस आहे पण पिल्लांवरची मरळ काढायची नाही हे माझं पक्कं आहे.

मग वाम. लांब, सापासारखी दिसणारी, पाठीवर बारीक काट्यांची ओळ, दिवसा दगडाखाली नाहीतर वाळूत दडून बसणारी. शिंगटा, मिशांचा, कल्ल्याजवळच्या काट्याने हात फाडणारा. चालट, चपटा, पाठीला बाक असलेला, काटेच काटे पण चव एक नंबर. कानशी, काळपट रंगाचा, रोहूच्याच कुळातला पण कृष्णा-गोदावरीत मूळचाच असलेला. शिवाय बाजारात 'बारीक मासे' म्हणून वाट्यावर विकलं जातं त्यात कितीतरी जाती असतात, ज्यांच्याकडे कुणी नीट बघत पण नाही, हळद-तिखट लावून तव्यावर जातात.

आणि काही अशा जाती आहेत ज्या जगात फक्त दख्खनच्या नद्यांमध्येच आहेत. कर्नल साइक्स म्हणून एक इंग्रज अधिकारी १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करत फिरला, त्याने इथले मासे काढून घेतले, चित्रं करून घेतली आणि १८३९ च्या सुमारास त्यांची शास्त्रीय वर्णनं छापली. त्यातले बरेच मासे भीमेच्या आणि मुळा-मुठेच्याच पाण्यातले होते, आणि नावं त्याने इथल्याच लोकांच्या तोंडची उचलली, खुद्री, कोलस, पोटेल, सिंघाला, नुक्ता अशी. नुक्ता म्हणजे नाकावर टेंगूळ असलेला मासा, आज धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. पोटेल पण तिथेच. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी ज्या माशांची नावं इथल्या कोळी-भोयांनी एका परक्या माणसाला सांगितली ते मासे आज आपल्याला दाखवले तर ओळखता येणार नाहीत.

आता लगेच कुणी म्हणेल की चिलापीनेच यांना संपवलं. इतकं सोपं नाहीये ते. चिलापी दांडगी आहे यात शंका नाही. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लं बाहेर पडल्यावर सुद्धा धोका दिसला की परत आईच्या तोंडात शिरतात, त्यामुळे पिल्लं वाचायचं प्रमाण जबरदस्त. काही महिन्यांतच ती स्वतः अंड्यावर येते आणि वर्षातून कितीतरी वेळा वीण होते. आपली कानशी नाहीतर पोटेल वर्षातून एकदा, पावसाच्या पुरावर अवलंबून. पूर आला नाही तर वर्ष वाया. नर चिलापी काठाच्या उथळ पाण्यात खड्डे करून बसतो, तिथे दुसऱ्या कुणाला फिरकू देत नाही, आणि नेमक्या त्याच उथळ पाण्यात बाकीच्यांची पिल्लं वाढत असतात. शेवाळ खाते, किडे खाते, दुसऱ्यांची अंडी पण खाते. हे सगळं खरं, पण तिला जागा कुणी करून दिली ते बघा ना.

एक तर उजनीची भिंत. मूळच्या कितीतरी जातींना पावसाळ्याच्या सुरुवातीला प्रवाहाच्या उलट वर चढून जायचं असतं, चढणीचे मासे म्हणतो आपण ते. भिंत आली, तिच्या खाली कोल्हापुरी बंधारे आले, चढण तिथेच संपली. वरच्या बाजूला नदीचं तळं झालं, ११७ टीएमसीचं, त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त तर मृतसाठाच. वाहत्या पाण्यात, दगडगोट्यात वाढणाऱ्या माशाला ते खोल साठलेलं पाणी काय कामाचं. आणि खालच्या बाजूला पंढरपूर, मंगळवेढा, पुढे टाकळीपर्यंत, नदीला पाणी येतं ते धरणातून सोडलं की. कधी आषाढीला, कधी शहराच्या पिण्यासाठी, कधी शेतीसाठी. माशाच्या वीणीचा महिना बघून काही कुणी पाणी सोडत नाही. मधल्या काळात नदी म्हणजे नुसती डबकी.

दुसरं म्हणजे घाण पाणी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, इंद्रायणी, पवना असं करत भीमेत आणि तिथून उजनीत येतं. उन्हाळ्यात बॅकवॉटरला जाऊन बघा, पाणी हिरवंगार, वर साय आल्यासारखा शेवाळाचा थर, वास मारतोय. असल्या पाण्यात पहाटे ऑक्सिजन एकदम खाली जातो. तिथे नाजूक मासा मरतो, आणि चिलापी, जिला घाण चालते, कमी ऑक्सिजन चालतो, शेवाळ तर तिचं खाणंच, ती माजते. म्हणजे आपण पाणीच असं करून ठेवलंय की त्यात तीच जगेल.

तिसरं, वाळू. याबद्दल माशांच्या संदर्भात कुणी बोलतच नाही म्हणून मुद्दाम लिहितो. भीमेच्या, सीनेच्या, माणच्या पात्रातून किती वाळू गेली हे सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. वाळू गेली की वामीचं घर गेलं. वाळू आणि बारीक खडीत अंडी घालणाऱ्या जातींची जागा गेली. खाली राहिला चिखल आणि खड्डे, आणि चिखल उकरून खायला सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, बसलेलाच आहे. हा पण बाहेरचा, एक जात १९३९ ला निलगिरीत आणली, दुसरी १९५७ ला बँकॉकवरून. तो तळ ढवळत खातो त्यामुळे पाणी आणखी गढूळ होतं, पाणवनस्पती उपटल्या जातात आणि त्यावर ज्या जातींची अंडी चिकटतात त्यांची अडचण होते. गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) हे दोघं १९५९ ला आले, त्यांचा आपल्याकडे त्या मानाने त्रास कमी, कारण ते इथे स्वतःहून फारसे वाढत नाहीत, सोडले तेवढेच राहतात.

आता मांगूर. याच्याबद्दल मी चिलापीसारखं सांभाळून लिहिणार नाही. आफ्रिकन मांगूर बांगलादेशमार्गे चोरून देशात आला, २००० साली केंद्राने त्याच्यावर बंदी घातली, २०१८ ला राष्ट्रीय हरित लवादाने परत कडक आदेश दिला, त्यानंतर इंदापूर-दौंडच्या पट्ट्यात तळी शोधून शोधून हे मासे नष्ट केले गेले. तरी अधूनमधून कुठेतरी शेतात पत्र्याआड तळं सापडतंच. कारण तो वाढतो फार पटकन आणि खायला काहीही चालतं, कत्तलखान्याची घाण, कुजलेली कोंबडी, काहीही. तो हवा घेऊन जगतो, ओल्या जमिनीवरून सरपटत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो. म्हणजे पावसाळ्यात तळं फुटलं की ओढा, ओढ्यातून सीना, सीनेतून भीमा. आणि तो शिकारी आहे, पुढ्यात येईल तो मासा, बेडूक, सगळं खातो. आपला देशी मांगूर लहान असतो, हा कित्येक किलोचा होतो, अंगावर बऱ्याचदा संगमरवरासारखे डाग असतात. बाजारात टबमध्ये जिवंत वळवळणारे मोठमोठे मांगूर स्वस्तात दिसले तर घेऊ नका, विकणाऱ्याला विचारा कुठनं आणले. खाणाऱ्याने विचारलं तरच हा धंदा थांबेल, धाडी टाकून तो किती थांबलाय ते आपण बघतोच आहोत.

रूपचंदबद्दल पण लोक विचारतात. दिसायला पापलेटसारखा, पोटाखाली लालसर, दात मात्र माणसासारखे. तो दक्षिण अमेरिकेतला पाकू, तळ्यात पाळलेला असतो. बऱ्याच लग्नाच्या पंगतीत पापलेट म्हणून हाच वाढतात. खायला हरकत नाही, पण पापलेटचे पैसे देऊ नका, आणि पाळणाऱ्यांनी तळ्याच्या सांडव्याला जाळी तेवढी लावा.

आणि एक जो खायला पण उपयोगाचा नाही तो म्हणजे सकर. घरातल्या फिशटँकची काच साफ करतो म्हणून दुकानातून आणतात, बोटाएवढा असतो, मग फूटभर वाढतो आणि टाकीत मावत नाही. मग माणूस दयाळूपणे त्याला तळ्यात सोडून येतो. दया बरोबर आहे पण जागा चुकली. त्याच्या अंगावर कवचासारख्या पट्ट्या असतात त्यामुळे त्याला बगळे, ढोकरी, मोठे मासे कुणी सहज खाऊ शकत नाही, काठाला बिळं करून अंडी घालतो, काठ ढासळतो, आणि जाळ्यात आला की जाळं फाडतो. भीमेच्या पट्ट्यात हा जाळ्यात सापडल्याच्या बातम्या येत असतात. तेव्हा संभाजी तलाव असो, सिद्धेश्वर तलाव असो की हिप्परग्याचा एकरुख तलाव, टाकीतला कुठलाही मासा तिथे सोडू नका. दुकानदाराला परत द्या, ओळखीत कुणाची मोठी टाकी असेल तर तिथे द्या.

गप्पी माशांचं पण असंच आहे. डेंग्यूच्या सीझनला डासांच्या अळ्या खातात म्हणून पाण्यात गप्पी सोडायची मोहीम असते. गप्पी दक्षिण अमेरिकेतले, त्यांच्यासारखाच दुसरा गंबुसिया उत्तर अमेरिकेतला. हौदात, बंद टाकीत सोडा, काही बिघडत नाही. पण विहिरी, ओढे, तलाव इथे सोडताना थांबा, कारण डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला एक छोटा मासा आपल्याकडे मूळचाच आहे आणि तो पण पाण्याच्या वरच्या थरात राहून अळ्या आवडीने खातो. घरचं असताना बाहेरून कशाला आणायचं.

महाशीरचं सांगितल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. आपला दख्खनचा महाशीर, साइक्सने ज्याला खुद्री म्हटलं तोच, पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतला नमुना बघून त्याचं वर्णन झालंय. देहूला इंद्रायणीच्या डोहात हे मासे देवाचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले, आणि तिथेच प्रदूषणाने ते मरून तरंगल्याच्या बातम्या आपण वाचल्या. त्याला वाचवायला लोणावळ्याला हॅचरी निघाली, १९७० च्या दशकापासून तिथे पिल्लं तयार होतात, फार मोठं काम आहे ते. पण त्यातली पिल्लं कावेरीत पण सोडली गेली, आणि कावेरीत आधीच स्वतःचा एक महाशीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, जगात फक्त त्याच खोऱ्यात मिळणारा. आपला महाशीर तिथे इतका वाढला की तो मूळचा मासा आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आणि आपला महाशीर तिथे जाणं हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. म्हणजे जो मासा भीमेत असला पाहिजे म्हणून आपण तळमळतो तोच कावेरीत जाऊन दुसऱ्याच्या मुळावर उठला. मला हे कळल्यापासून परदेशी वाईट, देशी चांगला असं बोलणं मी सोडून दिलं. कुठल्या पाण्यातला मासा कुठल्या पाण्यात सोडताय, एवढाच प्रश्न आहे.

चिलापी आता उजनीतून काढणं कुणाच्या बापाला शक्य नाही, आणि काढा असं मी म्हणणार पण नाही. भिगवण, इंदापूर, करमाळा, माढा, या सगळ्या काठावरच्या हजारो घरांची चूल तिच्यावर पेटते, ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांच्यातल्या कितीजणांना पण तिनेच हात दिला. धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, गेलं की सुद्धा रोज काहीतरी जाळ्यात येतं ते तिच्यामुळेच. खा, भरपूर खा, जितकी खाल तितकं बरंच आहे. पण दरवर्षी उजनीत मत्स्यबीज सोडा म्हणून मच्छीमार मागणी करतात ना, त्या मागणीत कटला-रोहूच्या जोडीने कानशी, मरळ आणि भीमेचाच महाशीर पण असावा असं माझं म्हणणं आहे. या जातींचं बीज तयार करायची विद्या आपल्याकडे आहे. आणि बारीक आसाची जाळी, ज्यात बोटुकली पण सुटत नाही, ती बंद झाली पाहिजेत, याच्यावर तर काठावरचे जुने मच्छीमार गेली कित्येक वर्षं भांडतायत, त्यांचं ऐका.

माझ्याकडून मी एक काम सुरू केलंय. बारीक माशांचा वाटा घेतला की घरी आणून ताटात वेगवेगळे लावतो, फोटो काढतो, आणि विकणाऱ्या मावशींना, काठावरच्या भोई मामांना एकेकाचं नाव विचारून लिहून ठेवतो. एकाच माशाला पंढरपूरला एक नाव, अक्कलकोटला दुसरं, करमाळ्याला तिसरं निघतंय. हत्तरसंग कुडलला जिथे सीना भीमेला मिळते तिथल्या, आणि नीरा नरसिंहपूरच्या बाजूच्या लोकांकडून मला अजून काहीच मिळालेलं नाही. तिकडे कुणाचे नातेवाईक असतील, घरात मासे धरणारं जुनं माणूस असेल, तर फोटो, तुमच्याकडचं नाव आणि कुठल्या महिन्यात मिळतो एवढं पाठवा. शास्त्रीय नाव नाही कळलं तरी चालेल, ते नंतर शोधता येतं.